स्वतःच्या गाण्यांचा रॉक बँड, पोटापाण्यासकट

आधी एका रात्रीचा हिशेब मांडू. पुण्यातल्या एखाद्या पबने चार जणांच्या बँडला ३०,००० रुपये कबूल केले असं धरा. त्यातून टेम्पोचे ३,०००, स्वतःच्या साउंड इंजिनिअरचे ४,०००, खाण्यापिण्याचे १,२०० आणि त्या गिगआधीच्या (गिग म्हणजे असा एक कार्यक्रम) दोन-दोन तासांच्या तीन जॅमचे, म्हणजे भाड्याच्या खोलीतल्या तालमींचे, ताशी ५०० दराने, ३,००० गेले. उरले १८,८००. बँडच्या फंडाला पाचवा सभासद माना आणि पाच वाटे करा: प्रत्येकी ३,७६०. आयोजकाने १० टक्के टीडीएस कापला असेल तर त्यातलेही ३,००० विवरणपत्र भरेपर्यंत अडकून राहतात. महिन्यात अशा चार रात्री मिळाल्या तरी माणशी पंधरा हजार होतात. आणि स्वतःची गाणी वाजवणाऱ्या नव्या बँडला महिन्याला चार रात्री मिळत नाहीत.

यावरून ठरवायची पहिली गोष्ट अशी की घरभाडं बँडकडून मागायचं नाही. बँडने फक्त स्वतःचा खर्च भागवावा, म्हणजे जॅमरूम, रेकॉर्डिंग, प्रवास, तारा आणि काठ्या. घर दुसऱ्या कमाईवर चालवायचं. ज्या बँडमध्ये दोघांचा हप्ता पुढच्या गिगवर अवलंबून असतो, तिथे सहा महिन्यांत नको ती कामं घेतली जातात आणि वर्षभरात भांडणं लागतात.

दुसरी कमाई कुठली धरायची हे गिगच्या वेळापत्रकावरून ठरतं. पबच्या गिग बहुतेक गुरुवार ते शनिवार रात्री असतात, त्यामुळे सोमवार ते बुधवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ शिकवणीला मोकळी मिळते. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून घेता येत असेल तर विद्यार्थी वर्षभर टिकतात. नुसतं ‘गिटार शिकवतो’ म्हटलं तर तिसऱ्या महिन्यात गळतात. दहा विद्यार्थी, महिन्याला २,५०० रुपये, म्हणजे पंचवीस हजार, तेही एका खोलीतून. लाइव्ह साउंड, जाहिरातींचं संगीत, पॉडकास्टचं संपादन आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये पैसे घेऊन वाजवणं (सेशन) हीसुद्धा चांगली कामं आहेत. नोकरीच ठेवायची असेल तर अमेरिकेच्या वेळेवरची शिफ्ट टाळा, कारण ती नेमकी गिगची वेळ खाते. लग्नं आणि कॉर्पोरेट पार्ट्यांत कव्हर्स (दुसऱ्यांची गाजलेली गाणी) वाजवायला काहीच हरकत नाही, पैसा तिथेच आहे. मात्र ते काम वेगळ्या नावाने करा. एकदा ‘लग्नातला बँड’ म्हणून व्हिडिओ फिरले की स्वतःच्या गाण्यांसाठी बोलावणारा आयोजक बिचकतो.

वर्षाचा अंदाजही आधीच बांधा. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. कॉलेजांचे फेस्टिव्हल साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात, आणि डिसेंबरात कॉर्पोरेट पार्ट्यांची रीघ लागते. जून ते सप्टेंबर उघड्यावरचं काम जवळपास बंद. त्यात ड्राय डे, निवडणुकीचे दिवस आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला असलेली बंदी. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणांनाच जातात. मुंबईत १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ ज्या धोबीतलावच्या रंगभवनात गाजला, ते खुलं नाट्यगृह शेजारच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात गेलं आणि मोठ्या आवाजाला मुकलं. म्हणून उघड्यावरची गिग घेताना शंभर मीटरच्या आत रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय आहे का, आणि पोलीस परवानगी कोणाच्या नावावर आहे, हे दोन प्रश्न पैशांच्याही आधी विचारा.

राजीनामा देण्यापूर्वी

आरोग्य विमा स्वतःच्या नावावर घ्या, तोही राजीनाम्याच्या किमान तीन महिने आधी. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचे दावे चालत नाहीत, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. भाड्याचं घर बदलायचं असेल तर तेही पगाराची स्लिप हातात असतानाच बदला. घरमालक ‘म्युझिशियन’ ऐकला की आधी आवाजाचा विचार करतो, मग भाड्याचा. वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडून टाका. अँप्लिफायर हप्त्यावर घेऊ नका. नऊ महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा आणि त्यातून एक पेडलसुद्धा (गिटारचा आवाज बदलणारी पायाजवळची पेटी) विकत घेऊ नये.

नोकरी चालू ठेवून बँड करणाऱ्यांनी नेमणूकपत्र पुन्हा वाचावं. बाहेरच्या मोबदल्याच्या कामाला लेखी परवानगी लागते का, आणि नोकरीच्या काळात तयार केलेली बौद्धिक संपदा कंपनीची ठरेल असं कलम आहे का, ते पाहा. गाण्यांवर असा दावा क्वचितच कोणी लावेल, पण एचआरकडून दोन ओळींची ईमेल घेऊन ठेवायला पाच मिनिटं पुरतात.

सोडायचं कधी? दोन खुणा सलग सहा महिने दिसल्या की. एक, बाजूच्या कमाईत घर चालतंय. दोन, बँडच्या खर्चासाठी कोणीही खिशातून पैसे घातलेले नाहीत. ‘गाणं व्हायरल झालं’ ही खूण नव्हे. घरी सांगतानाही हेच आकडे कागदावर लिहून न्या. आई-बाबांशी वाद बहुतेक संगीताबद्दल नसतोच, ‘आजारी पडलास तर काय’ एवढाच असतो. विम्याची पॉलिसी समोर ठेवली की अर्धा आवाज खाली येतो.

कागद

करार म्हटलं की मित्रांना राग येतो, पण बँड फुटतात ते न बोललेल्या गोष्टींवरून. दोन पानं पुरतात. नाव कोणाचं? एक जण गेला तर बाकीचे ते वापरू शकतात का? फंडातून घेतलेलं सामान कोणाचं? जाणाऱ्याने किती दिवस आधी सांगायचं (तीन महिने योग्य, कारण हंगामाची बुकिंग तितकी आधी होतात), आणि जुन्या गाण्यांच्या उत्पन्नातला त्याचा वाटा पुढे चालू राहणार का? कमाई नियमित झाली की भागीदारी संस्था करा, तिचं वेगळं पॅन आणि चालू खातं काढा. सगळे पैसे एकाच्या बचत खात्यात आले तर कर त्याच्या नावावर लागतो आणि संशयही त्याच्यावरच येतो. नाव टिकवायचं असेल तर ट्रेडमार्क वर्ग ४१ मध्ये (मनोरंजन सेवांचा वर्ग) अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे.

गाण्याचे हक्क तीन ठिकाणी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. पहिल्या दोन्हींचे वाटे गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी टक्क्यांत लिहून चौघांनी सह्या करा. रॉकमध्ये घोळ होतो तो इथेच. गायकाला वाटतं चाल त्याची, गिटारवाल्याला वाटतं रिफ (गिटारची परत परत येणारी धून) नसता तर गाणंच नव्हतं, आणि ड्रमरला कोणी विचारलेलंच नसतं. चौघांत सारखे वाटे हा सगळ्यात कमी भांडणांचा मार्ग, जरी तो काटेकोर न्यायाचा नसला तरी. तिसरा हक्क, म्हणजे ध्वनिमुद्रण, कायद्याने ‘निर्मात्या’चा, म्हणजे ज्याने ते करवून घेण्याची जबाबदारी उचलली त्याचा. मित्राने स्टुडिओ फुकट दिला असेल तर मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) बँडचं आहे असं त्याच्याकडून एका ओळीत लिहून घ्या. आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गीतकार आणि संगीतकार म्हणून सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं नोंदवा. सभासद झाला पण गाणी नोंदवली नाहीत तर पैसे तुमच्या नावापर्यंत पोचत नाहीत. हा आळस फार बँड करतात.

रेकॉर्डिंग

पैसा ड्रम्सवर खर्च करा, बाकी घरी करा. चांगल्या खोलीत आठ तासांत तयारीच्या बँडचे तीन गाण्यांचे ड्रम्स होतात. चौथं घुसवलं तर शेवटच्या दोन तासांत ड्रमरचे हात जड पडतात आणि ते ऐकू येतं. बेस आणि गिटार दोन चॅनलच्या इंटरफेसवर (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) थेट घ्या, अँपचा आवाज नंतर बसवता येतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होतील असे एक्सपोर्ट करा, नाहीतर मिक्स करणारा पहिला तास जुळवाजुळवीतच घालवेल. ड्रम्सची कातडी आणि गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला. त्याच दिवशी बदलल्या तर ताणल्या जाईपर्यंत सूर उतरत राहतो. क्लिकवर (कानात ठरावीक वेगाचे ठोके ऐकत) वाजवायचं असेल तर महिनाभर आधीपासून तालीम क्लिकवरच हवी. कोरसला वेग दोन-तीन बीपीएम (मिनिटाला ठोके) वाढत असेल तर क्लिकही तसाच बांधा, उगाच सरळ रेषेत कोंबू नका.

गाणं वितरकाकडे (स्पॉटिफायसारख्या सेवांवर गाणं पोचवणारी कंपनी) चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांना प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी गाणं सुचवावं लागतं. त्या आधी बँडचं नाव सगळीकडे शोधून पाहा, कारण त्याच नावाचा दुसरा कलाकार असला तर गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं आणि परत आणायला आठवडे लागतात. नाव देवनागरीत की रोमनमध्ये, आणि रोमनमध्ये नेमकं स्पेलिंग कुठलं, हे एकदाच ठरवा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, घाईत हिंदी राहून जाते. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकलं गेलेलं गाणं काहीच देत नाही. म्हणून दहा गाण्यांचा अल्बम एकदम टाकण्यापेक्षा नव्या बँडने दर सहा-आठ आठवड्यांनी एकेक गाणं सोडावं. स्वतः समोरासमोर केलेली विक्री अजूनही सगळ्यात फायद्याची. गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८० च्या दशकात गोव्यातल्या शिवोलीच्या घरी रेकॉर्डिंग करून कॅसेट स्वतः फिरून विकल्या होत्या. आज कॅसेटच्या जागी टी-शर्ट आहे. पहिल्यांदा चाळीसच छापा, त्यात एल आणि एक्सएल जास्त.

गिग

आयोजकाला पाठवायचं ते एवढंच: दोन मिनिटांचा लाइव्ह व्हिडिओ (स्टुडिओतला नको), दोन गाण्यांच्या लिंक, आणि त्या शहरात तुमच्यामुळे किती माणसं येतील याचा खरा आकडा. फुगवून सांगितला तर दुसरं बोलावणं येत नाही. तारीख, सेटची लांबी, साउंड चेकची वेळ, ड्रम किट आणि अँप कोणाचे, जेवण, रद्द झाल्यास काय, हे सगळं निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. ५० टक्के आगाऊ मागा. दारावरच्या तिकिटांतला वाटा ठरला असेल तर दारावर तुमचा एक माणूस मोजायला उभा करा. बिल गिगच्या दुसऱ्याच दिवशी पाठवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे. ती असली की लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक होतं. बिलावर तो क्रमांक छापला तरी फोन उचलले जातात.

इनपुट लिस्ट (मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी) आणि स्टेज प्लॉट (स्टेजवर कोण कुठे त्याचा नकाशा) आठवडाभर आधी पाठवा. चौघांच्या बँडला तेरा चॅनल लागतात: किक, स्नेअर, हाय-हॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड (ड्रम्सच्या वरचे माइक), बेसचा डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी पेटी), दोन गिटार, तीन माइक. तिथे सोळा चॅनलचा मिक्सर आहे म्हणतात आणि पोचल्यावर बाराचा निघतो. म्हणून हाय-हॅट आणि एक ओव्हरहेड सोडून अकरावर कसं भागवायचं ते आधीच ठरलेलं असावं.

स्टेजवर सगळ्यात धोकादायक गोष्ट वीज. लॉनवर, मांडवात, जनरेटरवर अर्थिंग नसतं किंवा गिटारचा अँप आणि पीए (प्रेक्षकांसाठीची ध्वनियंत्रणा) वेगवेगळ्या लाइनवर असतात. तारांना हात आणि माइकला ओठ लागले की झटका बसतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. स्वस्तातला नाही, चांगला मल्टिमीटर बाळगा. एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अँप आणि पीए एकाच लाइनवर आणायला लावा, तोवर माइकजवळ जाऊ नका. अर्थची पिन तोडून गुणगुण घालवणारा इलेक्ट्रिशियन प्रत्येक गावात भेटतो. त्याला हात लावू देऊ नका, गुणगुणीसाठी डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. पेडल्समधली शिटी मात्र बहुधा एकाच अडॅप्टरवरून साखळीने वीज घेतल्यामुळे येते. डिजिटल पेडलला वेगळं आउटपुट दिलं की जाते.

मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) ऐकू येत नाही ही तक्रार दहापैकी आठ वेळा गिटारच्या अँपमुळे असते. अँप जमिनीवर असला की वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐकू येतो, म्हणून तो वाढवत जातो. खुर्चीवर तिरका ठेवा, कानाकडे तोंड करून, आणि आवाज निम्मा करा. साउंड चेकमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं आधी वाजवा, हळुवार नव्हे.

आणि कान. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. छोट्या जॅमरूममध्ये ड्रम्स आणि दोन अँप सहज तेवढे जातात. फोमचे बोळे वरचे सूर मारतात, म्हणून लोक काढून ठेवतात. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग चौघांनी पहिल्या गिगच्या पैशांतून घ्यावेत. तालमीत पाऊण तासाला दहा मिनिटं खोलीबाहेर जा. दुसऱ्या सकाळीही कान वाजत असतील तर आठवडाभर तालीम बंद आणि कानाच्या डॉक्टरकडून श्रवणचाचणी.