मेथी खा, पण मोजून

मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर तीस वर्षं दिवाणजी होतो. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजता मोजता स्वतःच्याच रक्तातली साखर कधी वाढली, कळलं नाही. मग भेटेल तो काहीतरी सुचवायला लागला: जांभळाच्या बिया, कारलं, गुडमारचा पाला. खाऊन बघा, पण रक्तातली साखर मोजून.

आधी हात साबणानं धुवा. एकदा रवा फोडून तसंच बोट टोचलं, साखर मोजायच्या मशीनवर 312! हात धुऊन, कोरडे करून परत घेतलं तर 148. टोचायची ती बोटाची कड, शेंडा नको, दुखतं कमी.

सुरुवात मेथीनं करा. दोन चहाचे चमचे दाणे रात्री अर्धी वाटी पाण्यात भिजत घाला. सकाळी दाणा चिमटीत धरला की सटकतो. तो बुळबुळीतपणाच कामाचा. गॅलॅक्टोमॅनन नावाचा तंतू आहे तो. पोटात त्याचा दाट चिकट लगदा होतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून नुसतं पाणी पिऊन दाणे टाकायचे नाहीत. उपाशीपोटी घेण्यापेक्षा मी दुपारी भाकरीबरोबर चावून खातो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तीन दिवस मेथीशिवाय, तीन दिवस मेथी घेऊन, जेवण तेच: दोन भाकरी, पालेभाजी, वाटीभर आमटी. पहिल्या घासाआधी मोजा, आणि त्या घासापासून दोन तासांनी. वहीत लिहा. मशीनच 10-15 टक्के इकडेतिकडे दाखवतं, तेव्हा साखर आठ-दहानं उतरली म्हणून पेढे वाटू नका. तांबडा-पांढरा रस्सा आणि ताटभर भाताचा रविवार या हिशेबात धरायचा नाही.

गुडमारची गंमत वेगळी. दोन पानं चावली आणि वर गुळाचा खडा टाकला. आयुष्यभर गूळ चाखला, पण त्या दिवशी तोंडात वाळू! त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेला गोडाची चव कळू देत नाहीत, अर्धा-पाऊण तास. गोड खायची हाव मोडायला बरं. जीभ फसली म्हणून रक्तातली साखर उतरली असं मात्र नाही.

‘गोळी नको, झाडपालाच हवा’ म्हणणाऱ्यांना मी मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीची गोष्ट सांगतो. तिचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झुडपात. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी. त्याच्याच जातकुळीतलं सौम्य औषध फ्रान्समध्ये 1957 साली मधुमेहावर पुढे आलं.

कारल्यानं मला धडा शिकवला. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, वर पेलाभर कारल्याचा रस, आणि काही न खाता रंकाळा तलावाला फेरी. अर्ध्या वाटेत दरदरून घाम, हात थरथरायला लागले. घरी मोजली तर 58. साखर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची. तरीही खालीच असेल तर परत तेवढीच. आता फिरायला जाताना सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असते आणि रस बंद आहे. कारलं भाजीतच खातो.