प्रीमियर पद्मिनी गाडीला एअर-फ्युएल गेज (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं मीटर) बसवताना
कार्ब्युरेटरच्या गाडीला वाइडबँड गेजच घ्या. ते प्रमाणाचा मोठा पल्ला मोजतं. नॅरोबँड फक्त १४.७ च्या (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) आसपासच नीट बोलतो, जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलचं माप ठरवणारी छिद्राची नळी) निवडायला त्याचा उपयोग नाही.

गेजच्या सेन्सरसाठी सायलेन्सर पाइपला एम १८ × १.५ आट्यांचा बंग (सेन्सर पिळून बसवायची गोल बैठक) वेल्ड करावा लागतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे काम करणारे सापडतील, पण वेल्डिंगच्या वेळी सेन्सर लावलेला नको आणि बॅटरीची वायर काढलेली हवी. जागा मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या) जोडानंतर, चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावरची. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कललेला ठेवा. नाहीतर गाडी सुरू होताना पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जातं आणि ते तडकतं. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत तर ही काळजी हवीच. सेन्सरच्या अलीकडच्या, इंजिनाकडच्या गॅस्केटमधून गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि गेज खोटं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतं. हे आधी तपासा, मगच जेटला हात लावा.

सेन्सरमधला हीटर बराच करंट खातो. इग्निशनवर चालणाऱ्या रिलेतून, उत्पादकाने सांगितलेला फ्यूज घालून वायर ओढा. अर्थची वायर गंजलेल्या पत्र्यावर नको, थेट इंजिन ब्लॉकवर द्या. सेन्सर बसवलाय पण जोडलेला नाही, अशा स्थितीत इंजिन चालवू नका. काजळीने तो मरतो.

पूर्ण थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) गेजवर १२.५ ते १३ मिळायला हवं. १४ च्या वर गेलं तर मेन (मुख्य) जेट मोठा करा.