अमेरिकन शेठ-पुढाऱ्याचं चरित्र लिहायचंय? आधी कापूस पकडा

असाइनमेंटला १९व्या शतकातला अमेरिकन व्यापारी-पुढारी मिळाला की आपल्या नागपूरची पोरं जन्म, लग्न, मृत्यू लिहून मोकळी होतात. तसं नका करू बाप्पा. नेथन ॲपल्टन घेऊन सांगतो, कारण गडी कापसावाला आहे आणि विदर्भात कापूस कोणाला समजवावा लागत नाही.

आधी पैसा कुठून आला ते बघा. जन्म १७७९, न्यू हॅम्पशायरचा, मग बॉस्टनला येऊन आयातीचा धंदा. फ्रान्सिस लॉवेल बॉस्टनजवळच्या वॉल्थमला कताई-विणाई एकाच छताखाली करणारी मिल काढत होता, तेव्हा याला दहा हजार डॉलर मागितले आणि याने पाचच हजार लावले, म्हणजे आधी चालते का बघू! हे त्यानेच १८५८ च्या पुस्तिकेत लिहून ठेवलंय, असे डिटेल सोडायचे नाहीत. आपली नागपूरची एम्प्रेस कापड मिल १८७७ ची, ती तुलना एका वाक्यात उरका.

मग मेन काम. पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे धंदा, उजवीकडे राजकारण. १८३० ची काँग्रेसची, म्हणजे अमेरिकन संसदेची, निवडणूक त्याने विदेशी मालावरच्या जकातीच्या बाजूने लढवली, डावीकडे बघा, मिल आहेच. १८४२ तर भारीच: जूनमध्ये रिकाम्या जागेवर काँग्रेसमध्ये गेला, ऑगस्टअखेर जकात वाढवणारा कायदा झाला, सप्टेंबरमध्ये याचा राजीनामा. पण लगेच 'सेटिंग' लिहू नका, ती जागा राजीनामा दिलेल्या रॉबर्ट विंथ्रॉपची होती आणि नंतर तोच परत निवडून आला. तारखा शेजारी ठेवा, निकाल सावकाश द्या.

आता लोक टाळतात तो भाग. मिलमध्ये जाणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या हातचा. १८४८ मध्ये गुलामीविरोधी पुढारी चार्ल्स सम्नरने 'चाबकाचे मालक' (गुलाम ठेवणारे) आणि 'मागाचे मालक' (मिलवाले) एक झालेत म्हणून जाहीर ठोकलं, त्यावर ॲपल्टनने त्याच्याशी पत्रांतून वाद घातला, दोन्ही बाजू लिहा. 'त्या काळी असंच चालायचं' हे वाक्य मात्र खोडाच.

घरचं दोन ओळीत. मुलगी फॅनी, कवी लाँगफेलोची बायको, जुलै १८६१ मध्ये कपड्यांना आग लागून गेली आणि चारच दिवसांत ॲपल्टनही गेला. तेव्हा तिकडे सिव्हिल वॉर पेटलंच होतं, अमेरिकेचा कापूस अडकला आणि आपल्याकडच्या कापसाला भाव चढला, तो धागा जोडायचा तर इथे जोडा, पण ॲपल्टनलाच एम्प्रेस मिलचा आजोबा करून टाकू नका.