कोलंबसला नवीन आलात? मतदानाचं आधी ऐकून ठेवा

सुरुवातीलाच, हे ओहायोचं कोलंबस नाही, इंडियानातलं आहे. पन्नास हजार वस्तीचं गाव. आई-बाबांची तिकिटं काढताना बघून काढा, पुढे काही बोलत नाही.

घर, गाडी, शाळा, इंडियन ग्रोसरी याबद्दल ऑफिसात दहा जण सांगतील. इथल्या कमिन्स या इंजिन कंपनीमुळे कोथरूडहून थेट इथं येणाऱ्यांची रांग जुनीच आहे, तिची पुण्यातली किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची. मी सांगतोय ते कोणी सांगत नाही, कारण आपल्या लोकांना वाटतं की इथलं राजकारण म्हणजे ट्रम्प, आणि ते टीव्हीवर दिसतंच.

तर गाव रिपब्लिकन आहे, यात शंका नको. ट्रम्पचा उपाध्यक्ष माइक पेन्स इथलाच, १९५९ चा जन्म, आणि २० जानेवारी २०२१ ला उपाध्यक्षपद संपलं तसा विमानानं सरळ इथंच उतरला. गेल्या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत आपल्या बार्थोलोम्यू काउंटीत दहातली सहाहून जास्त मतं ट्रम्पला गेली. पण एवढ्यावरून गावाचा हिशोब मांडू नका. कमिन्स मोठी करणारा जे. अर्विन मिलर पण रिपब्लिकनच होता आणि १९६३ च्या नागरी हक्कांच्या वॉशिंग्टन मोर्चाच्या वेळी मार्टिन ल्युथर किंगच्या बाजूनं उभा राहिला. गावात शाळा, फायर स्टेशन, लायब्ररी इतक्या देखण्या का आहेत, तर कंपनीच्या फाउंडेशननं मोठमोठ्या आर्किटेक्टांच्या फिया भरल्या म्हणून. म्हणजे इथं रिपब्लिकनांमध्येच दोन-तीन घराणी आहेत म्हणा, आणि खरी भांडणं त्यांच्यातच.

ही भांडणं नोव्हेंबरात नाही, मे महिन्यात होतात. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत. २०१५ ला खुर्चीवर बसलेली महापौर तिच्याच पक्षाच्या माणसाकडून मे मध्ये हरली, आणि आपल्यातल्या एकाही घरात त्याची चर्चा नव्हती, मी पण तेव्हा आयपीएल बघत होतो. इंडियानात नाव नोंदवताना पक्ष लिहायचा नसतो, प्रायमरीला गेलात की टेबलावरची बाई विचारते, कुठल्या पक्षाचं बॅलट, म्हणजे मतपत्रिका, देऊ. मोठ्यानं विचारते, मागे शेजारी उभा असतो. मत गुप्त असतं पण कुठलं बॅलट घेतलं ते रेकॉर्डवर राहतं, आणि उमेदवार त्या याद्या बघूनच दारात येतात. नोव्हेंबरात तुम्ही ज्यांच्या बाजूचे त्यांचंच बॅलट घ्या असा नियम आहे, वेळ आली तर आक्षेप घेता येतो. मी कुठलं घेतो ते नाही सांगणार, गणपतीच्या जेवणात पुन्हा तोच विषय नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोनदा वाचा. सिटिझन होईपर्यंत मतदार नोंदणीच्या चौकटीत टिक करायची नाही. एच-वन (नोकरीचा व्हिसा) असो, ग्रीन कार्ड असो, वीस वर्षं टॅक्स भरलेला असो, नाही म्हणजे नाही. १९९३ च्या कायद्यापासून ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार नोंदणीचं विचारतात. मी तेव्हा दुसऱ्या राज्यात होतो, ग्रीन कार्ड नवं कोरं. काउंटरवर प्रश्न भराभर वाचत होते, पत्ता हाच का, हो, उंची, हो, अवयवदान, हो, मतदार नोंदणी, हो. पुणेरी माणूस, रांगेत मागच्याला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून जरा जास्तच पटापट. दोन महिन्यांनी पोस्टानं कार्ड आलं. मी ते गंमत म्हणून दगडूशेठच्या मॅग्नेटखाली फ्रीजला लावलं!! मत कधी दिलं नाही. पण सिटिझनशिपच्या फॉर्मवर सरळ प्रश्न असतो, कधी नाव नोंदवलंय का, आणि तिथं खोटं लिहिणं म्हणजे आणखी मोठा खड्डा. मग वकील, नाव रद्द केल्याचं पत्र, इंटरव्ह्यूत घामाघूम, आणि बायको माझ्या दीड वर्ष आधी सिटिझन झाली, जे ती अजून ऐकवते. मी सुटलो. पण ती टिक म्हणजे 'मी नागरिक आहे' असं सांगणं, आणि ते खोटं सांगणं हे देशाबाहेर काढायला पुरेसं कारण असतं. चुकून टिक झालीच असेल तर आज वकिलाकडे जा, उद्या नको.

देणगीचं पण तसंच. ग्रीन कार्डवाल्याला उमेदवाराला पैसे देता येतात, एच-वनवाल्याला नाही, वीस डॉलर पण नाही. सभेला जा, प्रश्न विचारा, स्कूल बोर्डाच्या मीटिंगला बसा, त्याला कोणाची बंदी नाही.

सिटिझन झालात की मग मात्र कारणं सांगू नका. नोंदणी निवडणुकीच्या २९ दिवस आधी बंद होते. मतदान सकाळी ६ ते संध्याकाळी ६, बास, ऑफिसातून निघून मुलांना उचलून मग जाऊ म्हणाल तर दार बंद. त्यापेक्षा २८ दिवस आधीपासून अर्ली व्होटिंग असतं ते उरका. फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. आणि शहराची निवडणूक अध्यक्षाच्या वर्षी नसतेच, त्याच्या आदल्या वर्षी असते, २०२३ ला झाली, आता २०२७. तुमच्या दारासमोरचा बर्फ कधी उचलणार, सबडिव्हिजनमागच्या शेतात काय बांधायचं हे ठरवणारे लोक तेव्हा निवडून येतात, आणि त्या वर्षी टीव्हीवर काहीच नसतं म्हणून कोणी फिरकत नाही. २०१४ ला, अध्यक्षपदाच्या दोन निवडणुकांच्या मधल्या निवडणुकीत, इंडियाना मतदानात देशात शेवटून पहिलं होतं, साधारण २८ टक्के. पुण्याच्या टक्केवारीला नावं ठेवणारे आपलेच लोक त्या बहात्तरात आरामात बसले होते.

भारतात मत द्यायचं असेल तर पासपोर्ट भारतीय असेपर्यंतच, फॉर्म ६ए भरून, आणि स्वतः तिथं जाऊन. ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर, नाही. एकानं मला ओसीआय म्हणजे दोन्हीकडे मत असं छातीठोक सांगितलं होतं, तो आता मंडळात नवीन आलेल्यांना मार्गदर्शन करतो.