चुंबकीय क्षेत्राच्या प्रयोगाआधी टेबलावर काय काय हवं

पेशींवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम तपासायचा असेल, तर कॉइलच्या आधी क्षेत्र मोजायचा मीटर आणा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्ला असतं. एवढं बारीक मोजायला तीन अक्षांचा फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर, म्हणजे बारीक क्षेत्रं तिन्ही दिशांत मोजणारा मीटर लागतो. मिलिटेस्लाच्या (म्हणजे हजार मायक्रोटेस्लांच्या) घरात गेलात की हॉल प्रोब हा साधा मीटर पुरतो. मीटर आला की आधी रिकाम्या इन्क्युबेटरचा (पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचा) कप्पान् कप्पा मोजून काढा, पंखा चालू असताना आणि बंद असतानाही. पंख्याची मोटर, दाराचं चुंबक, वाकवून ताणलेलं स्टील यांमुळे एकाच इन्क्युबेटरमध्ये दहा-दहा मायक्रोटेस्लांचे फरक सहज निघतात. म्हणजे तुम्ही काही लावायच्या आधीच पेशींना निरनिराळी क्षेत्रं मिळत असतात!

मग हेल्महोल्ट्झ कॉइलची जोडी, म्हणजे मध्ये एकसारखं क्षेत्र देणारी समोरासमोरची दोन सारखी वेटोळी. दोन कॉइलमधलं अंतर त्रिज्येइतकं ठेवायचं. त्रिज्या 15 सेंटिमीटर, दर कॉइलला 100 वेढे आणि 1 अँपिअर प्रवाह असेल तर मध्यभागी साधारण 0.6 मिलिटेस्ला मिळतो. क्षेत्र एकसारखं असतं ते मधल्या भागातच, तेव्हा डिशच्या मापावरून कॉइल ठरवा. पॉवर सप्लाय स्थिर प्रवाहाचा हवा, कारण तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. साचा प्लास्टिकचा किंवा लाकडाचा, स्क्रू पितळेचे.

खरी मेख कंट्रोलमध्ये, म्हणजे क्षेत्र न देता तुलनेसाठी ठेवलेल्या डिशमध्ये आहे. बंद कॉइल हा कंट्रोल नव्हे. ती तापत नाही, गुणगुणतही नाही. म्हणून दुहेरी तारेची कॉइल गुंडाळून घ्या आणि मध्ये स्विच बसवा. दोन्ही तारांत प्रवाह एकाच दिशेनं गेला की क्षेत्र तयार होतं, उलट दिशांनी गेला की ते एकमेकांना मारतं; उष्णता मात्र दोन्ही वेळी तेवढीच. अशा दोन सारख्या जोड्या हव्यात. एवढ्या एका गोष्टीत काटकसर करू नका, बाकी कुठेही करा. स्विच कुठल्या बाजूला आहे ते मोजणी करणाऱ्याला कळू देऊ नका. तापमानाचे प्रोब दोन्ही डिशमध्ये, फायबर ऑप्टिकचे असले तर बरं, त्यांच्यावर क्षेत्राचा परिणाम होत नाही.

क्षेत्र बदलतं असेल तर डिशचा व्यास आणि ती आडवी की उभी हेही वहीत लिहा. 50 हर्ट्झ, 1 मिलिटेस्ला क्षेत्र उभं असेल, तर 35 मिलिमीटरच्या आडव्या डिशच्या कडेला मीटरमागे सुमारे 2.7 मिलिव्होल्टचं विद्युत क्षेत्र उमटतं, मध्यभागी जवळपास शून्य. परिणाम दिसला तर तो चुंबकाचा की विजेचा, हा प्रश्न येणारच.

क्रिप्टोक्रोमवर (निळा प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनावर) काम असेल तर निळ्या प्रकाशाचा दिवाही हवा, आणि तोही दोन्हीकडे सारखाच. चिमटे प्लास्टिकचे. बाहेरचं क्षेत्र अडवणारी म्यू-मेटल या मिश्रधातूची पेटी घेतलीत तर ती आपटू नका, धक्क्यानं तिचा हा गुण उतरतो.

पेशी घालण्याआधी एक फेरी दोन्ही जोड्या उलट प्रवाहावर ठेवून करा. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर परत मीटर उचला.