एर्तुग्रुलचं चरित्र लिहायचं, तर सुरुवात नाण्यापासून

ऑटोमन घराण्याचा संस्थापक उस्मान याचा बाप एर्तुग्रुल. तुर्की मालिका पाहून त्याच्यावर लिहायला बसणारे बहुधा जन्मवर्षापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. एर्तुग्रुलचं जन्मवर्ष एकाही समकालीन साधनात नाही. तेव्हा ती जागा सरळ रिकामी ठेवा.

कागदावर तीन रकाने आखा: घटना, ती सांगणारा, आणि घटनेनंतर किती वर्षांनी सांगितली. पहिल्या ओळीत उस्मानच्या नावाचं नाणं येईल. त्यावर ‘एर्तुग्रुलचा मुलगा उस्मान’ असं कोरलेलं आहे. त्यानंतर थेट अहमदी या कवीचं काव्य, साधारण १४०० चं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनंतरचं. आशिकपाशाझादे या ऑटोमन बखरकाराची बखर तर पंधराव्या शतकाच्या अखेरची. तिसरा रकाना भरला की अर्धं काम झालं, कारण लढाया आणि संवाद कुठून आले ते तिथेच उघडं पडतं.

एर्तुग्रुलच्या वडिलांच्या नावाचा घोळ मोठा आहे. बहुतेक बखरी सुलेमान शाह म्हणतात आणि त्याला फुरात (युफ्रेटिस) नदीत बुडवतात. पण १०८६ मध्ये हलबजवळ (सीरियातलं अलेप्पो) मारला गेलेला सुलेमान वेगळाच, तो सेल्जुक या तुर्की राजघराण्याचा. त्याची आठवण या कथेत मिसळली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या परंपरेत वडील गुंदुझ आल्प. एर्तुग्रुलच्या एका मुलाचं नावही गुंदुझ असल्याने ही बाजू थोडी जड वाटते. दोन्ही नावं लिहा, साधनासकट.

सेल्जुक सुलतान अलाउद्दीनने एर्तुग्रुलला सोगुत हे गाव दिलं, या वाक्याशी थांबा. कुठला अलाउद्दीन? पहिला कैकुबाद १२३७ मध्ये वारला आणि त्याच नावाचे आणखी दोन सुलतान पुढे झाले. शिवाय १२४३ च्या कोसेदागच्या पराभवानंतर सेल्जुक मंगोलांचे मांडलिक होते. सुलतान ठरवल्याशिवाय वर्ष लिहू नका.

हिजरी (इस्लामी चांद्र) वर्ष इसवी सनात बदलताना ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. एर्तुग्रुलच्या मृत्यूचं परंपरागत हिजरी वर्ष ६८० घेतलं, तर उत्तर १२८१-८२ येतं. नुसते ६२२ मिळवले तर १३०२ येईल, म्हणजे बाफेउसच्या लढाईचं साल. त्या लढाईत बायझंटाइन सैन्याला हरवणारा मुलगा उस्मान होता!

दैनंदिन जीवनासाठी मात्र बखरी कामाच्या आहेत. हिवाळा सोगुतला, उन्हाळा दोमानिचच्या डोंगराळ कुरणांवर. उस्मानच्या काळाबद्दल त्या सांगतात, की वर जाताना टोळी जड सामान बिलेजिकच्या ख्रिस्ती किल्लेदाराकडे ठेवायची आणि परतताना त्याला चीज, गालिचे द्यायची. एर्तुग्रुलची बेगिरी (टोळीचं प्रमुखपद) अशीच मेंढरं, कुरणं आणि शेजाऱ्यांशी देवघेव यांवर चालली असणार. तलवारीपेक्षा यावर जास्त ओळी खर्च करा.

ऑटोमन ज्या कायी या तुर्की कुळाचे वंशज म्हणवत, त्याचा अभिमान लिहिताना जपून. त्यावर भर ऑटोमन सुलतान दुसऱ्या मुरादच्या (१४२१–१४५१) दरबारात आला. नाण्यांवर कायी चिन्हही त्याच काळात उमटलं. एर्तुग्रुलच्या सोगुतमधल्या कबरीचा फोटो लावलात तर खाली लिहा, की आजची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदच्या काळात नव्याने उभारलेली आहे.