सगळे गोल्फ कोर्स एकाच पट्टीने मोजू नका

बऱ्याच जणांचं असं असतं की हिरवंगार गवत, तळी, पांढरी वाळू दिसली की कोर्स भारी, आणि पिवळट गवत नि उंचसखल जमीन दिसली की लगेच ‘मेंटेनन्स नाही राव’. ही सवय आधी सोडा. नवीन कोर्सवर गेलात की आधी एवढंच बघा, इथे बॉल हवेतून न्यायचाय की जमिनीवरून?

लिंक्स कोर्स समुद्राकाठच्या वाळूवर असतो, पाणी झटकन मुरतं, जमीन कडक राहते, त्यामुळे बॉल पडल्यावरही पळतच राहतो. तिथे वेजने (बॉल उंच उडवणाऱ्या क्लबने, म्हणजे काठीने) उंच शॉट मारलात तर टप्पा खाऊन थेट ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) मागे जाण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा सात नंबरची आयर्न (बॉल कमी उंच नेणारा क्लब) घ्या, बॉल मागच्या पायाकडे ठेवा, छोटा स्विंग करा, टप्पा ग्रीनच्या अलीकडेच पाडा आणि पुढचं उताराला करू द्या. ग्रीनबाहेरून पटर (बॉल जमिनीवरून ढकलायचा क्लब) वापरलात तरी कोणी हसणार नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर तर 7 डबल ग्रीन आहेत, एका ग्रीनवर दोन होल, आणि त्या दोन होलच्या नंबरांची बेरीज दरवेळी 18. चुकीच्या बाजूला बॉल गेला की पट कसला, छोटा प्रवासच.

झाडांमधल्या पार्कलँड कोर्सवर उलटं. गवत मऊ असतं, बॉल लवकर थांबतो, तेव्हा आपला कोणता क्लब हवेतून नक्की किती जातो ते माहीत पाहिजे.

लांबीवरूनही कोर्स ठरवू नका (हा माझा नेहमीचा वाद). अमेरिकेतल्या सॉग्रास कोर्सचा 17वा होल साधारण 137 यार्ड, चहूकडे पाणी. स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनचा 8वा, ‘पोस्टेज स्टॅम्प’, त्याहून छोटा, पाणी नाही, पण इवलासा ग्रीन, खोल बंकर (वाळूचे खड्डे) आणि वारा. 1973 च्या ओपन स्पर्धेत 71 वर्षांच्या जीन साराझेनने तिथे होल-इन-वन (एकाच शॉटमध्ये होल) केला, आणि 1950 मध्ये हर्मन टिसीस नावाच्या हौशी खेळाडूला त्याच होलवर 15 शॉट लागले होते!

आता खेळायची पद्धतही बदलून बघा. स्टेबलफर्ड या पॉइंटांच्या पद्धतीत आपल्या हँडिकॅपनुसार (कौशल्याप्रमाणे मिळणाऱ्या शॉटच्या सवलतीनुसार) पारला (ठरलेल्या शॉटमध्ये होल) 2, बर्डीला (एक कमी) 3, बोगीला (एक जास्त) 1 आणि डबल बोगीला (दोन जास्त) शून्य पॉइंट, म्हणजे एखादा होल बिघडला तर बॉल उचला आणि पुढे चला. मॅच प्लेमध्ये (होलगणिक जिंकायच्या-हरायच्या खेळात) एका होलवर 9 शॉट झाले तरी जातो फक्त तो एक होल, त्यामुळे एरवी न मारलेला शॉट ट्राय करायला मस्त. बॅगेत 14 क्लब चालतात म्हणून 14 च न्यायला पाहिजेत असं कुठे आहे, कधी 7 घेऊन जा, अर्ध्या ताकदीचे शॉट आपोआप सुचतात. आणि टी (होलची सुरुवातीची जागा) पुढचाच निवडा, मागच्या टीवरून प्रत्येक पार 4 ला तीन नंबरचा वुड (लांब मारायचा क्लब) मारत बसलात तर कोर्स कळणारच नाही.

राउंड संपला की स्कोअरखाली एकच ओळ लिहा, या कोर्सने कुठला शॉट मागितला जो आपल्याकडे नव्हता. पुढच्या प्रॅक्टिसला तोच घ्या.